पोरांची झोप परत द्या: जुन्नर-आंबेगावच्या गावकऱ्यांना कळकळीचं आवाहन

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आयाबापांनो, सरपंच-सदस्यांनो, शाळांच्या संस्थाचालकांनो आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

मी या भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. या महिन्यात एके सकाळी पहिल्याच तासाला दहावीतली एक मुलगी बाकावर डोकं टेकून झोपली. मी तिला हलवून उठवलं आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य बोलले, "रात्रभर मोबाइल बघत बसलीस ना?" ती खाली मान घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तिच्याकडे मोबाइल नाहीये. या आठवड्यात त्यांना रात्रीची लाइट आहे. तिचे बाबा शेताला पाणी भरून घरी येईपर्यंत ती आणि तिची आई जाग्याच असतात."

मला त्या मुलीची माफी मागावी लागली. आणि इतकी वर्षं ज्यांची चौकशी न करता मी हेच वाक्य फेकलं, त्या सगळ्या मुलांची आठवण होऊन रात्री मलाच झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला विचारलं, रात्री किती वाजता झोपता आणि का? कोणी रागावणार नाही असं आधी सांगितलं. एक मुलगा म्हणाला, वडिलांची पिकअप रात्री वाशीला जाते, माल भरून गाडी निघेपर्यंत अकरा वाजतात. एकाने खरं सांगून टाकलं, फ्री फायर खेळतो, मित्र बारापर्यंत ऑनलाइन असतात. एक जण पहाटे पाचला उठून धार काढून दूध डेअरीवर घालतो आणि मग क्लासला जातो, पण रात्री साडेअकराच्या आत त्याचा डोळा लागत नाही. एक मुलगी सगळ्यांत हळू आवाजात बोलली: "दिवसभर घरात माणसं असतात, कामं असतात. सगळे झोपले की ती खोली माझी असते. तेव्हा मी वाचते, गाणी ऐकते. तेवढाच वेळ माझा." हे ऐकून अर्ध्या वर्गाने माना हलवल्या. मला वाटतं, आपल्यातल्या पुष्कळ आयांनीही त्या माना हलवल्या असत्या.

मी हे जाहीरपणे लिहायला बसले ते यासाठी की ही मुलं थकलेली आहेत आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यांना आळशी ठरवलं आहे. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात. ऊसतोड चालू आहे, बिबटे उघड्यावर आले आहेत, थंडीतल्या रात्रपाळ्या सुरू आहेत. आता थांबून चालणार नाही.

आधी या वयाच्या शरीरात काय घडतं ते सांगते. ते समजल्याशिवाय बाकीचं बोलणं म्हणजे पुन्हा तेच रागावणं होईल.

अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं एक द्रव्य रक्तात सोडू लागतो. त्याने शरीराला कळतं, की रात्र झाली, आता विसावायचं. लहान मुलाला ते लवकर मिळतं, म्हणून सात-आठ वर्षांचं पोर जेवता जेवता पेंगतं. मूल वयात आलं की हेच मेलाटोनिन तास-दोन तास उशिराने सुटू लागतं. आपल्याकडे कालव्याच्या आवर्तनावर सगळ्यांचं आयुष्य बांधलेलं आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते: पोरगं तेरा-चौदाचं झालं की त्याच्या झोपेचं आवर्तन उशिरा सुटतं. हे त्याने ठरवलेलं नसतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्स्केडन यांनी किशोरवयीन मुलांच्या झोपेचा काही दशकं अभ्यास केला. मोठ्या होत चाललेल्या मुलांच्या अंगात दिवसभराचा झोपेचा भारही लहानांपेक्षा सावकाश साठतो, हे त्यातूनच कळलं. म्हणून नवव्या वर्षी नऊला झोपणारं मूल पंधराव्या वर्षी नऊला अंथरुणावर पडलं तरी कूस बदलत राहतं. म्युनिकचे संशोधक टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा तपासल्या. त्यांना दिसलं की ही उशिराकडे सरकणारी ओढ साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जाते आणि मग उलटी फिरते. म्हणजे तुमचा मुलगा बिघडलेला नाही. त्याचं वय चालू आहे.

झोपेची गरज मात्र कमी होत नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं. आता त्या दूध घालणाऱ्या मुलाचा हिशेब करा. साडेअकराला झोप, पाचला उठणं, म्हणजे साडेपाच तास. रोज निदान अडीच तासांची तूट. सोमवार ते शनिवार सहा रात्रींत पंधरा तास. जवळजवळ दोन रात्रींची सबंध झोप तो मुलगा दर आठवड्याला गमावतो आणि रविवारी अकरापर्यंत लोळला की आपण त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतो.

कालव्याचंच उदाहरण पुढे नेते. आवर्तन उशिरा सुटलं आणि ठरल्या तारखेला बंद झालं, तर कोणाचं शेत कोरडं राहतं? टेलच्या शेतकऱ्याचं. झोपेतही तसंच आहे. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, तिच्यात शरीराची वाढ आणि डागडुजी होते. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. दिवसा शिकलेलं मनात मुरवण्यात आणि मनातली खळबळ शांत करण्यात तिचा मोठा वाटा आहे. उशिरा झोपलेल्या पोराला पहाटे उठवलं की हे टेलचं पाणी तोडलं जातं. त्याने रात्री बसून पाठ केलेलं प्रकरण सकाळी आठवत नाही. चाचणीत कमी गुण पडतात. मग आपण सांगतो, अजून लवकर उठ.

आपल्या घरांत एक समजूत पक्की आहे, की पहाटेचा अभ्यास सगळ्यांत चांगला. लवकर निजून लवकर उठण्याची जुनी म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण आपण तिचा उठण्याचाच भाग धरून बसलो आणि निजण्याचा सोडून दिला. आपले आजे पहाटे चारला उठत होते हे खरं, पण ते दिवेलागणीनंतर जेवून आठला झोपलेले असत. त्यांची झोप आठ तासांची होत होती. नातवाला मिळते पाच-साडेपाच तासांची आणि उठणं मात्र आजोबांच्या वेळेला.

यात माझीही चूक आहे आणि ती लपवून हे आवाहन करण्यात अर्थ नाही. मी स्वतः कित्येक वर्षं दहावीचे जादा तास सकाळी साडेसहाला घेतले. वाड्या-वस्त्यांवरची मुलं त्यासाठी साडेपाचला अंधारात घर सोडत. उसाच्या कडेने चालत, सायकलने, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून येत. मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी कष्ट घेते आहे. मी त्यांची झोप घेत होते आणि त्यांना अशा वेळी रस्त्यावर आणत होते, ज्या वेळेला या भागातला कोणताही शहाणा माणूस आपलं वासरूही बाहेर सोडत नाही.

बिबट्याबद्दल तुम्हाला मी वेगळं काय सांगणार. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कुकडीचं पाणी फिरलं, ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. तिथेच त्याची पिल्लं होतात, तिथेच मोठी होतात. २०२४ मध्ये प्रशासनाने जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावं बिबट्यामुळे आपत्तीप्रवण म्हणून जाहीर केली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यांतली दोन मुलं होती. मंचरला महामार्ग अडवला गेला, तो राग आपण सगळ्यांनी पाहिला. शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालणारी माणसंही आपण पाहिली.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी मोजली नाही. बिबट्याने न ओरबाडता घेतलेली झोप. पत्र्याच्या घरात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झोपणारं मूल कुत्रं भुंकलं की दचकून उठतं. बाप बॅटरी घेऊन मोटारीवर गेला असेल तर आई ओट्यावर बसते आणि मूल आत डोळे उघडे ठेवून पडतं. स्टार्टरला ऑटो बसवला, मोबाइलवरून मोटर चालू केली, तरी सरीला पाणी लावायला, दारं मोडायला माणूस जावाच लागतो. फ्यूज गेला की डीपीपर्यंत जावं लागतं. थ्री फेज रात्रीची असली की अख्खं घर रात्रपाळीला असतं आणि सकाळच्या हजेरीत मात्र एकट्या पोराचं नाव पुकारलं जातं.

बरं, जी पोरं बापाबरोबर शेतात जातात त्यांचं काय? सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे हाताशी आलेला मुलगा, असं आपण अभिमानाने म्हणतो. बॅटरी धरायला, मोटारीजवळ थांबायला त्याला नेतो. मजबुरी मला समजते. माझ्या माहेरीही विहिरीवर हीच तऱ्हा होती. पण जीव आणि झोप दोन्ही एकदम पणाला लागतात असं हे एकच काम आहे. म्हणून माझी पहिली विनंती इथेच आहे, अठरा वर्षांखालच्या कोणालाही रात्रीच्या पाण्याला नेऊ नका.

मग माणूस कुठून आणायचा? आपल्याकडे सावड नावाची रीत होती आणि अजून आहे. पेरणीला, खुरपणीला, कांदालागणीला आपण एकमेकांकडे जातो. तीच रात्रीच्या पाण्याला लावा. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून यादी करावी. रात्रपाळीच्या आठवड्यात कोणीही एकट्याने जायचं नाही, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. दोन मोठी माणसं, दोन बॅटऱ्या, हातात काठी. काम झालं की घरी एक मिस्ड कॉल द्यायचा. त्या एका मिस्ड कॉलवर किती घरांतली मुलं डोळे मिटतील याचा विचार करा.

आणि मूळ मागणी सोडायची नाही. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणूनच राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. आपल्या गावाचा फीडर त्यात आहे का, नसेल तर कधी येणार, हे ग्रामपंचायतीने महावितरणला लेखी विचारावं. ठरावात शेतीचं नुकसान आणि बिबट्याचा धोका यांच्या जोडीने एक ओळ आणखी लिहा: रात्रीच्या विजेमुळे आमच्या शाळकरी मुलांची झोप होत नाही. असं कोणी आजवर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. आपण लिहू या.

आता मोबाइल. त्या मुलीवर मी अन्याय केला म्हणून मोबाइलला मी माफ केलेलं नाही. ज्या वयात झोपेचं आवर्तन आधीच उशिरा सुटतं, त्या वयात डोळ्यांपासून वीतभर अंतरावर लखलखीत उजेड धरला की ते आणखी लांबतं. उजेडापेक्षाही जास्त जागवते ती आतली गंमत, भांडण, चेष्टा, एकामागून एक येणारं रील, जिंकता जिंकता हरलेला गेम. मेंदूला संपण्याची खूण मिळतच नाही. तमाशाचा वग संपतो, कीर्तनाला शेवटी आरती असते, माणसं उठून घरी जातात. रील संपत नाही.

पण घराघरांत एकेकट्याने फोन हिसकावून हे सुटणार नाही, असं माझं मत मुलांशी बोलल्यावर झालं आहे. वर्गाच्या ग्रुपवर रात्री बोलणं चालतं. जो त्यात नसतो तो सकाळी वेगळा पडतो. पंधराव्या वर्षी वेगळं पडण्याइतकं मोठं दुःख नसतं, हे आपण आपल्या त्या वयाला विचारून पाहावं. म्हणून फोन ठेवायचा तर सगळ्यांनी एकाच वेळी ठेवायचा. हे जमतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या लोकांनी २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. सुरुवातीला लोक हसले असतील, पण आधी हा विचार बायांपुढे मांडला गेला, मग गावाने धरला आणि त्याची चर्चा देशभर झाली.

आपण भोंगा रात्री साडेनऊला वाजवू या. फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी, चार्जिंगला. आईचा, बापाचा, ताईचा, दादाचा, सगळ्यांचा. बापाने अंथरुणात बातम्या बघायच्या आणि पोराने फोन ठेवायचा, असं केलं तर तो नियम आठवडाभरही टिकणार नाही. गजराला साधं घड्याळ आणा. रात्रीच्या पाण्यावर ज्याला जायचं आहे त्याचा फोन अर्थातच त्याच्याजवळ राहील.

शिक्षकांनो, यात आपलाही वाटा आहे. रात्री दहाला ग्रुपवर स्वाध्याय टाकणारे आपणच असतो. मी टाकलेले आहेत. "उद्या वही तपासणार" असा निरोप रात्री गेला की चांगली मुलंच जागतात, बेफिकीर मुलं झोपून जातात. संध्याकाळी सातनंतर मुलांच्या ग्रुपवर एकही निरोप टाकायचा नाही, एवढं आपण आजपासून पाळू शकतो. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

संस्थाचालकांकडे आणि मुख्याध्यापकांकडे माझं मागणं आणखी मोठं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा असं सुचवलं. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला होता. पण तो चौथीपाशी थांबला. चौथीतलं मूल साडेनऊला झोपून सातला आपोआप उठतं. ज्याचं घड्याळ खरोखर उशिराचं आहे ते मूल आठवीत, दहावीत, बारावीत आहे, आणि त्याचाच क्लास साडेसहाला असतो, त्याचंच कनिष्ठ महाविद्यालय साडेसातला भरतं. ज्याला जास्त गरज, तो यादीतून वगळला गेला.

दुसरीकडे लोकांनी हे करून पाहिलं आहे. अमेरिकेत सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ केली. मुलं अजून उशिरा झोपतील अशी शंका तिथेही होती. प्रत्यक्षात मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं तेव्हा त्यांची झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्निया राज्यात तर २०२२ पासून मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवायची नाही, असा कायदा लागू आहे. आपल्याला कायद्याची वाट बघण्याचं कारण नाही. जादा तास हा शाळेचा स्वतःचा निर्णय असतो. आठवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गाचा जादा तास सकाळी साडेआठच्या आधी ठेवू नका. खासगी क्लासवाल्यांनीही ठेवू नये. शाळा सुटल्यावर एक तास घ्या आणि दिवस लहान असताना तोही उजेड असेपर्यंत संपवा. एसटीचा पास काढून लांबून येणाऱ्या मुलांसाठी आधी गाडीची वेळ पाहा, मग तासाची ठरवा. गाडी बदलून हवी असेल तर नारायणगाव आगाराकडे शाळांनी मिळून एकच अर्ज द्यावा, एकेका शाळेच्या अर्जाला वजन नसतं.

पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांनाही हीच विनंती. पहाटेची घंटा मोठ्या मुलांसाठी तासभर मागे घेता आली तर घ्या. नळाला पाणी कमी म्हणून अंघोळीचा नंबर लावायला मुलं चारला उठत असतील, तर तो पाण्याचा प्रश्न आहे. त्याचं ओझं झोपेवर टाकू नका.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. दहावीची मुलगी शाळेतून येऊन भाकरी थापते, भांडी घासते, धाकट्यांना बघते, आणि रात्री दहाला तिची वही उघडते. तिच्या भावाची वही सातला उघडलेली असते. परीक्षा होईपर्यंत तरी संध्याकाळचं काम घरातल्या सगळ्यांत वाटून घ्या. तिला दिवसा अर्धा तास एकटीचा द्या, ज्यात तिला कोणी हाक मारणार नाही. तो तिला मिळाला तर तो चोरायला तिला रात्री जागावं लागणार नाही. ही गोष्ट मला एका मुलीने शिकवली. तिचं म्हणणं मी वर लिहिलंच आहे.

लग्नसराई आणि यात्रांचे दिवस येतील. हळदीचा डीजे बारापर्यंत वाजतो तेव्हा शेजारच्या दहा घरांतली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री छताकडे बघत पडलेली असतात. रात्री दहा ते पहाटे सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. काही मोजक्या सणांना मिळणारी सवलत वेगळी, हळदीला ती नाही. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून दहाला वाद्यं थांबवावीत. नसेल ऐकत कोणी, तर ११२ ला फोन करायला लाजू नका.

आणि पोरांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही आळशी नाही, हे मी सगळ्यांसमोर लिहून दिलं आहे. आता तुम्ही थोडं तुमच्या शरीराला सांभाळून घ्या. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाही साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊचा कप दोन वाजेपर्यंत तुमच्याबरोबर जागा असतो. उठल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं अंगणात, उघड्या आभाळाखाली काढा. सकाळचा उजेड तुमचं मागे पडलेलं घड्याळ पुढे सरकवतो. रविवारी हवं तर तास-दीड तास जास्त झोपा, पण दुपारपर्यंत नको, नाहीतर सोमवारची रात्र पुन्हा लांबते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून एक प्रकरण जास्त वाचणाऱ्यापेक्षा दहाला पुस्तक मिटणारा मुलगा पेपर चांगला लिहितो, हे मी दरवर्षी पाहते.

कधी कधी मात्र न झोपण्यामागे दुसरंच काही असतं. दोन-तीन आठवडे सलग झोप येत नसेल, मूल बोलेनासं झालं असेल, जेवण तुटलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका आणि बाहेरची बाधा म्हणून फिरवू नका. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय गाठा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा. आमच्या वर्गात मी लिहिला आहे. जोरात घोरणारं आणि तरीही दिवसा पेंगणारं मूलही डॉक्टरांना दाखवा, टॉन्सिल वाढल्याने श्वास अडखळत असू शकतो.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरेल. त्या दिवशी झेंडावंदन झालं की खुर्च्या उचलून घरी जाऊ नका. पुढचे चार विषय मांडा, अर्ध्या तासात होतील. अठरा वर्षांखालचं कोणीही रात्रीच्या पाण्याला जाणार नाही. रात्रपाळीची सावड-यादी डीपीनिहाय लागेल. साडेनऊचा भोंगा वाजेल. आठवी ते बारावीचा जादा तास सकाळी साडेआठच्या आधी होणार नाही. ज्यांना ठरावाचा कागद लिहून हवा असेल त्यांना मी लिहून देईन, आणि माझ्यासारखं लिहून देणारं कोणीतरी प्रत्येक गावच्या शाळेत आहे. त्यांच्याकडे जा.

पण सावड-यादीसाठी २६ जानेवारीपर्यंत थांबू नका. बाकावर झोपलेल्या त्या मुलीच्या घरी पुढच्या सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाइट आहे. मी काल तिच्या वडिलांना भेटले. त्यांच्या डीपीवरच्या शेतकऱ्यांची नावं त्यांनी मला एका कागदावर लिहून दिली आहेत. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी बसणार आहोत.